उघड्या तळ्यातला बास: ल्युअर निवडताना रंग सगळ्यात शेवटी

"बाससाठी कुठलं ल्युअर घेऊ?" हे मला दर आठ-पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच (बास म्हणजे गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा, आणि ल्युअर म्हणजे त्याला फसवायचं खोटं आमिष), आणि मी दरवेळी उलट विचारतो की तळं कसंय ते आधी सांग. कारण पाणवनस्पती, लव्हाळी, पडलेली झाडं असलेलं तळं वेगळं, आणि काठावर नुसतं गवत नाहीतर दगड, पाण्यात डोळ्याला दिसेल असं काहीच नाही, चारी बाजूंनी मोकळं असं तळं वेगळं. ह्या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं कारण गेली कित्येक वर्षं माझा बहुतेक वेळ असल्याच तळ्यांवर गेलाय आणि त्या उघड्या पाण्यावर माझा खरंच जीव आहे.

नवीन माणसाला उघडं तळं बघून आनंद होतो. कुठेही उभं रहा, कुठेही फेका, काही अडकत नाही, ल्युअर तुटत नाही. सगळं खरं. पण झाडीच्या तळ्यात मासा कुठे असणार ते झाडीच सांगते, तो ओंडका दिसला की त्याच्या सावलीत टाकायचं, झालं. उघड्या तळ्यात हे सांगणारं कुणी नसतं. सगळं पाणी सारखंच दिसतं, आणि मग माणूस काय करतो, तर पाणी वाचायचं सोडून डबा उघडतो आणि ल्युअरचे रंग बदलत बसतो. हिरवं चाललं नाही मग पांढरं, पांढरं नाही मग ते केशरी पोटाचं. दिवस संपतो आणि हात हलवत घरी. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं म्हणून मला ते इतकं नीट माहितीये.

ह्या दोन वर्षांनी मला एकच गोष्ट शिकवली आणि बाकी सगळं लिखाण त्याच्याभोवतीच फिरणारे, की ल्युअर निवडताना आधी खोली, मग वेग, मग पाण्यात ते किती हादरा देतं ते, आणि रंग सगळ्यात शेवटी. मासा जर सहा फुटावर असेल आणि तुमचं ल्युअर दोन फुटावरून चाललं असेल तर ते कितीही देखणं असू दे, थंडीच्या दिवसात तर तो मान वर करूनही बघणार नाही.

आधी मासा कुठे असतो ते. वरून सपाट दिसलं तरी तळ सपाट नसतो. बांध घालून केलेलं तळं असेल तर बांधाच्या बाजूला पाणी सगळ्यात खोल, आणि त्याच्या समोरच्या टोकाला, जिथून ओहोळ नाहीतर पाईपचं पाणी येतं तिथे उथळ. बांधाला दगड लावलेले असले तर त्या दगडांच्या फटीत खेकडे नाहीतर क्रेफिश असतात, बारके मासे असतात, म्हणून बास तिथे घुटमळतो. सांडव्याचा कोपरा बघा. पाईप बघा. काठावर एखादंच झाड असेल तर दुपारी त्याची सावली जिथे पडते ती जागा बघा. आणि काठ जिथे एकदम उतरतो तो उतार, कारण दोन पावलांत उथळ आणि खोल दोन्ही मिळतं, बासला तेच हवं असतं. हे सगळं तपासायला मी कधीकधी नुसतं एक शिसं बांधून फेकतो आणि तळापर्यंत जायला किती वेळ लागतो ते मोजतो, गळ नाही काही नाही, आणि अर्ध्या तासात त्या तळ्याचा नकाशा डोक्यात तयार होतो. हा अर्धा तास फुकट गेला असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही.

दुसरं म्हणजे वारा. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला पाण्यातलं बारीक जीवजंतू ढकललं जातं, त्यामागे छोटे मासे, त्यामागे बास. शिवाय लाटांमुळे उजेड मोडतो आणि उघड्या तळ्यात जी एक लपायची सोय नसते ती थोडीफार होते. तोंडावर वारा घेऊन फेकायला त्रास होतो म्हणून सगळे पाठीवर वारा घेऊन उभे राहतात, म्हणजे नेमके चुकीच्या काठावर.

आणि कृपा करून थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहू नका. सकाळी-संध्याकाळी बास काठाला समांतर फिरत असतो, अगदी गुडघाभर पाण्यातून. आपण धपाधप पावलं टाकत गेलो की तो आधीच सटकलेला असतो, कारण त्याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी पार्श्वरेखा असते तिने त्याला पाण्यातला बारीकसा हादराही कळतो. म्हणून मी पहिले चार-पाच फेक आठ-दहा फूट मागे उभं राहून करतो, गवतावरून. आणि तळ्याच्या मध्याकडे नाही, काठाला समांतर. मध्याकडे फेकलं की ल्युअर कामाच्या पाण्यातून दोन-तीन सेकंद जातं, समांतर फेकलं की पूर्ण वेळ.

आता ल्युअर. उघड्या तळ्यासाठी मी मनातल्या मनात त्यांचे दोन गट करतो, एक शोधणारं आणि एक मनवणारं. शोधणारं म्हणजे जे लांब जातं, पटापट ओढता येतं, आणि कमी वेळात जास्त पाणी तपासतं. मनवणारं म्हणजे मासा इथे आहे हे कळल्यावर त्याच्यासमोर हळूच ठेवायचं ते. बहुतेक लोकांचं चुकतं ते इथेच, मासा कुठेय पत्ता नाही आणि हे एकाच जागी तासभर प्लास्टिकचं गांडूळ हलवत बसलेत, नाहीतर मासा समोर दिसतोय आणि हे त्याच्या डोक्यावरून खडखड करत क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं कडक ल्युअर, ओढतायत.

शोधायला माझं पहिलं स्पिनरबेट. सेफ्टी पिनसारखी वाकवलेली तार, एका टोकाला शिशाचं डोकं, गळ आणि झालर, दुसऱ्या टोकाला फिरणारी पाती. ह्यात पात्याच्या आकाराला फार महत्त्व आहे आणि दुकानात बघताना लोक नेमकं तेच बघत नाहीत. गोलसर पातं, ज्याला कोलोरॅडो म्हणतात, ते पाणी जास्त ढकलतं, हाताला धक-धक-धक असं जाणवतं, ल्युअरला वर उचलून धरतं म्हणून हळू ओढता येतं. लांबट, विलोच्या पानासारखं पातं कमी हादरा देतं पण चमकतं जास्त आणि वेगात ओढता येतं. मग गढूळ पाणी, ढगाळ सकाळ, थंडी असेल तर गोल. नितळ पाणी, ऊन, वारा असेल तर लांबट. मी बहुतेक वेळा 3/8 औंसाचं, म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅमचं वापरतो, उथळ तळं असेल तर 1/4 औंस, म्हणजे सात ग्रॅम.

दुसरं बिनओठाचं क्रँकबेट, म्हणजे पुढे ल्युअरला खाली नेणारी ओठासारखी पट्टी नसलेलं, आत छर्रे असलेलं, खुळखुळ्यासारखं वाजणारं. झाडीच्या तळ्यात हे म्हणजे डोकेदुखी कारण दोन-दोन तिहेरी गळ लटकत असतात आणि प्रत्येक फेकीला शेवाळाची जुडी घेऊन येतं. उघड्या तळ्यात मात्र हे सोनं आहे. लांब जातं, आणि ते बुडणारं असल्यामुळे खोली तुमच्या हातात असते. पाण्यात पडलं की आकडे मोजायचे, एक, दोन, तीन, आणि मग ओढायला सुरुवात. पुढच्या फेकीला पाचपर्यंत मोजायचं, मग सातपर्यंत. ज्या आकड्याला मासा लागला तो आकडा धरून ठेवायचा. तुमचं ल्युअर सेकंदाला किती बुडतं ते काठाशी नितळ पाण्यात सोडून एकदा बघून ठेवा, प्रत्येकाचं वेगळं असतं आणि पाकिटावरच्या आकड्यापेक्षा आपल्या डोळ्यांनी बघितलेलं खरं.

हा मोजायचा प्रकार मला कळला तो दिवस अजून लक्षात आहे. उन्हाळ्यातली सकाळ, साडेआठ वाजून गेलेले, वरच्या पाण्यात सगळं थंड झालेलं, म्हणजे मासे चावायचे बंद झालेले. मी कंटाळून सामान आवरत होतो आणि ल्युअर बांधाजवळ पाण्यातच राहिलं होतं, बुडत बुडत खाली गेलेलं. रॉड उचलला तर एकदम जड. तीन पाऊंडांच्या आसपासचा बास निघाला. त्यानंतर मी तसंच नऊपर्यंत मोजून ओढलं आणि त्याच पट्ट्यात अजून दोन मिळाले. अख्खी सकाळ मी त्यांच्या डोक्यावरून ल्युअर पळवत होतो. रंग तोच, ल्युअर तेच, दोरी तीच, फरक फक्त खोलीचा.

चौकोनी ओठाचं छोटं क्रँकबेट बांधाच्या दगडांसाठी. ते तीन ते पाच फुटांपर्यंत जातं आणि दगडावर आपटून बाजूला उडतं, आणि बास बहुतेक वेळा त्या उडण्यावरच झडप घालतो. त्यामुळे हे दगडाला न लावता ओढण्यात काही अर्थ नाही, आपटलंच पाहिजे. एक गोष्ट जरूर करा, नवीन असो की जुनं, आधी पायाशी पाण्यात दोन-तीन फूट ओढून बघा सरळ येतंय का. डावीकडे पळत असेल तर पुढची बारीक कडी पक्कडीने अगदी किंचित उजवीकडे वाकवायची, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. किंचित म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल एवढंच. तिरकं पळणारं क्रँकबेट आपल्या खोलीपर्यंत कधी पोचतच नाही आणि आपल्याला वाटतं मासाच नाहीये.

शोधून झालं, एक झटका बसला पण मासा लागला नाही, किंवा एक लागला आणि मग शांत, अशा वेळी मनवणारं ल्युअर काढायचं. माझ्यासाठी ते म्हणजे पाच इंची स्टिक वर्म. दिसायला इतकं साधं की नवीन माणसाला ह्यात काय आहे असं वाटतं, ना शेपटी ना पाय, साधारण पेनाएवढी जाड एक नरम कांडी. प्लास्टिकचं गांडूळ हा प्रकार तसा जुना, ओहायोतल्या अॅक्रनमध्ये निक क्रीम ह्या माणसाने 1949 मध्ये घरच्या घरी प्लास्टिक वितळवून केलेला, आणि पुढे गॅरी यामामोटोने सेन्को नावाचं स्टिक वर्म काढलं त्यात मीठ घालून वजन वाढवलं, म्हणून ते शिसं न लावताही लांब जातं आणि स्वतःच्या वजनाने बुडतं.

ते बुडताना काय करतं हे एकदा जवळून बघाच. नितळ पाण्यात, काठाशी, बरोबर मध्यावर गळ टोचून सोडा, ह्याला वॅकी म्हणतात. पोटावर झोपल्यासारखं आडवं खाली जातं, आणि जाताना दोन्ही टोकं थरथरतात, अगदी बारीक, थंडीत ओठ कापतात तशी. तुम्ही काहीही करत नसता. दोरी सैल असते. तळाला टेकलं की मातीचा बारीकसा ढग उठतो आणि ते पडून राहतं. मग रॉडचं टोक एकदा हलकेच उचलायचं, दोन्ही टोकं खाली वाकतात, सोडलं की परत सरळ होत होत थरथरत खाली. एवढंच. मी एकदा एक बास हे बघत असताना बघितलाय, दीड-एक फुटावर येऊन थांबला, पंख तेवढे हलत होते, वर्म तळाला टेकलं, त्याने नाक खाली केलं आणि तिथेच थांबला, मी श्वास रोखून काहीच केलं नाही, आणि मग त्याचे कल्ले एकदम फुलले आणि वर्म नाहीसं झालं. चावला वगैरे नाही, झडप नाही, नुसतं तोंड उघडून पाण्यासकट आत ओढलं. दोरीतून हाताला काहीच जाणवलं नव्हतं, फक्त पाण्यावर पडलेली सैल दोरी इंचभर बाजूला सरकली.

म्हणून स्टिक वर्म वापरताना हातापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा. दोरी पाण्यात शिरते ती जागा बघत रहा. ती उडाली, बाजूला चालायला लागली, किंवा जेवढा वेळ बुडायला हवं त्याच्या आधीच थांबली, तर मासा आहे. सैल दोरी गुंडाळून घ्या आणि मग गळ मारा. बासला काहीतरी चुकीचं वाटलं तर ते बाहेर टाकायला त्याला एक-दोन सेकंदही पुरतात, पण नरम आणि खारट असेल तर तो जरा जास्त धरून ठेवतो, असा माझा अनुभव.

तळाला थोडंफार गवत किंवा काड्या असतील तर टेक्सस रिग, म्हणजे गळाचं टोक परत प्लास्टिकच्या अंगात लपवायचं आणि पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन सोडायचं. पण उघड्या स्वच्छ तळाच्या तळ्यात त्याची तेवढी गरज नसते, तिथे उघडा गळ जास्त चांगला लागतो. वजन निवडताना जेवढं हलकं चालेल तेवढं हलकं, 1/8 औंस बऱ्याचदा पुरतं.

आता वरच्या पाण्यातली ल्युअर्स, ज्याच्यासाठी मी पहाटे साडेचारचा गजर लावतो. मिशिगनमधल्या डोवॅजियाकचा जेम्स हेडन तळ्याकाठी लाकूड तासत बसला होता, त्याने तो तुकडा पाण्यात फेकला आणि बासने त्याला धडक दिली, त्यावरून त्याने ल्युअर म्हणून लाकडी बेडूक कोरायला सुरुवात केली अशी गोष्ट सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटची. मला ही गोष्ट आवडते कारण त्या लाकडाच्या तुकड्याला ना रंग होता ना डोळे, तो फक्त योग्य वेळी योग्य पाण्यात पडला होता.

तळं काचेसारखं शांत असेल तर पॉपर नाहीतर सिगारच्या आकाराचं डावी-उजवीकडे चालणारं ल्युअर. पॉपरचं तोंड खोलगट असतं, झटका दिला की 'प्लोप' असा आवाज होतो आणि चार थेंब उडतात. इथे सगळे घाई करतात. फेकलं की थांबा. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत थांबा, मग एक झटका, मग परत थांबा. उघड्या तळ्यात बास लांबून येतो, त्याला यायला वेळ द्या. वाऱ्याने लाटा असतील तर पॉपरचा आवाज त्यात हरवतो, तेव्हा मागे पंखा असलेलं, सतत बुडबुड करणारं काहीतरी लावा किंवा सरळ स्पिनरबेट अगदी पृष्ठभागाखालून ओढा.

माझ्या मुलीला मी पहिल्यांदा नेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिने स्वतः डब्यातून एक छोटा पॉपर निवडला. तिसऱ्या की चौथ्या फेकीला पाणी फुटलं, तिने जीव खाऊन रॉड मागे ओढला आणि ल्युअर उडून आमच्या मागे गवतात पडलं. "बाबा, मी दिसल्याबरोबर ओढला!" ती रडवेली झाली. मी म्हटलं, "दिसल्याबरोबर नाही गं ओढायचं, हाताला जड लागला की ओढायचं. पाणी उडालं की मनात माझं नाव घे आणि मग ओढ." पुढच्या वेळी पाणी उडाल्यावर ती खरंच मोठ्याने "बाबा" म्हणाली आणि मग ओढलं. लागला. जेमतेम फूटभर असेल, पण तिने त्याला सोडताना जो हात पाण्यात धरला होता तो मासा गेल्यावरही तसाच ठेवला होता बराच वेळ. तेव्हापासून मीही मनात काहीतरी म्हणतो आणि मगच ओढतो, वरच्या ल्युअरवर मासे सुटतात ते बहुतेक करून आपल्या डोळ्यांच्या घाईमुळे.

रंगाबद्दल न लिहून चालणार नाही कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. बासच्या डोळ्याला लाल आणि हिरवा हे दोन रंग चांगले कळतात, त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्याची परीक्षा घेतली गेली तेव्हा त्याला झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा वेगळा ओळखायला जड गेलं, तसंच निळा आणि काळाही. म्हणजे आपण दुकानात उभं राहून ज्या बारीक छटांवर डोकं खपवतो त्यातल्या कितीतरी त्याच्या दृष्टीने एकच असू शकतात. माझं साधं गणित असंय, नितळ पाण्यात त्या तळ्यात जे खाणं आहे त्याच्या जवळ जाणारा रंग, भोपळी हिरवा, कलिंगडी, थोडा पारदर्शक. गढूळ पाण्यात नाहीतर अंधारात काळा, कारण काळ्याची आकृती उठून दिसते. ना नितळ ना गढूळ अशा पाण्यात पांढरा नाहीतर पोपटी. चार रंगांवर मी अख्खा हंगाम काढतो.

फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 मध्ये आपलं पहिलं चाललेलं ल्युअर बनवलं ते बुचाच्या लाकडाचं, चॉकलेटच्या चांदीच्या कागदात गुंडाळलेलं. तो होडीत बसून तासन् तास बघायचा की मोठा मासा एवढ्या थव्यातून नेमका तोच उचलतो जो जरा तिरका, लंगडत पोहतोय. त्याने ती लंगडी चाल पकडली. रंगाला त्याच्याकडे चॉकलेटचा कागद होता. मला वाटतं हे प्रत्येकाने ल्युअर विकत घेण्याआधी आठवावं, की आपण पाण्यातली चाल विकत घेतोय.

पाण्याचं तापमान हे वेग ठरवतं. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याची भूकही मंदावते. दहा अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर हळू, खोल, आणि छोटं ल्युअर, आणि दोन हालचालींच्या मध्ये तुम्हाला सहन होणार नाही इतका वेळ थांबायचं. पंधराच्या पुढे गेलं की ते उथळात यायला लागतात आणि त्याच सुमारास घरटी करतात, नर बास तळाला शेपटीने साफ करून तिथे पहारा देतो. उघड्या तळ्यात ही गोल फिकट ठिकाणं वरून सहज दिसतात, आणि मी तिथे ल्युअर टाकत नाही. नर उचलला की काही मिनिटांत बारके मासे अंडी खाऊन जातात. कुणी काही म्हणो, मला ते पटत नाही. भर उन्हाळ्यात मग पहाट आणि तिन्हीसांजा वरचं ल्युअर, आणि दुपारी बांधाजवळचं खोल पाणी.

दोरी आणि गळाचं पटकन सांगतो. फ्लुओरोकार्बन, म्हणजे पाण्यात कमी दिसणारी दोरी, बुडते म्हणून ती खालच्या ल्युअरला, साधी मोनो, म्हणजे एकेरी नायलॉनची, बऱ्यापैकी तरंगते म्हणून वरच्याला, आणि वेणीची दोरी ताणत नाही, नितळ उघड्या पाण्यात ती दिसते म्हणून पुढे चार-पाच फूट फ्लुओरोकार्बन जोडायची. आठ ते बारा पाऊंड ताकदीची दोरी पुष्कळ झाली, इथे झाडीतून उपसून काढायचं नसतं. तिहेरी गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका, दोरी ताठ ठेवलीत तर मासे फारसे सुटत नाहीत आणि सोडायला एक क्षण लागतो, माशालाही आणि आपल्या बोटालाही.

एक चूक सांगतो जी माझी झाली. नवीन प्रकारची, रबरासारखी खूप ताणणारी प्लास्टिकं आणली होती आणि ती मी नेहमीच्या नरम वर्मच्या कप्प्यातच ठेवून दिली, आणि डबा उन्हात राहिला. आठवड्याने उघडलं तर सगळ्याचा मिळून चिकट गोळा, खाली दोन चांगली क्रँकबेट्स, त्यांचा रंग सुटून त्यात मिसळलेला. दोन्ही प्लास्टिकं वेगळ्या जातीची असतात आणि एकमेकांना लागली की विरघळतात. ज्याच्या त्याच्या मूळ पाकिटातच ठेवा.

आणि मोजकीच ठेवा. जॉर्ज पेरीने 2 जून 1932 ला अमेरिकेतल्या जॉर्जियात माँटगोमेरी लेकवर 22 पाऊंड 4 औंसाचा बास पकडला तेव्हा त्याच्याकडे एकच ल्युअर होतं असं सांगतात. तो जागतिक विक्रम इतकी वर्षं टिकला, 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली, ती मात्र जिवंत माशाच्या आमिषावर. माझ्या खांद्याच्या पिशवीत आता एकच छोटा डबा असतो, दोन स्पिनरबेट, दोन बिनओठाची, एक चौकोनी ओठाचं, दोन पॉपर, आणि वर्मची तीन पाकिटं. एवढ्याने चालत तळ्याला पूर्ण फेरी मारता येते, आणि उघड्या तळ्यावर चालणं हे थांबण्यापेक्षा कधीही चांगलं.

फाटलेली वर्म पाण्यात टाकू नका. मासे ती गिळतात, पोटात ती फुगतात आणि तशीच राहतात. मी पिशवीच्या बाहेरच्या खिशात एक छोटी झिपची पिशवी ठेवलीये, आपली फाटलेली आणि काठावर दुसऱ्यांची सापडलेली त्यात. माझ्या मुलीला आता ते काम लागलंय, मी फेकत असतो आणि ती पुढे काठाने बघत बघत चालत असते, आणि मध्येच थांबून हात वर करते, म्हणजे तिला काठाशी एक बास फिरताना दिसलाय. मग मी मागेच थांबतो आणि तिच्या पुढे दहा फुटांवर, काठाला समांतर, स्टिक वर्म सोडतो.